काचघरात अडकलेले भावजी

हसू नका, पण आमच्या भावजींना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस पक्का घमेंडखोर आहे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझं लग्न ठरायच्या आधी ही सगळी मंडळी आमच्याकडे आली होती. सासूबाई बोलत होत्या, आमचे हे बोलत होते, मी तर काय, फक्त श्वास घ्यायला थांबते. आणि हे धाकटे चिरंजीव कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेले, नजर माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी. मी पाणी दिलं, पेला घेतला, नजर वरच. मी मुद्दाम दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले, तर नजर जुन्याच खुर्चीच्या वर. आत जाऊन आईला म्हटलं, "थोरला ठीक आहे, पण धाकट्याला आपलं घर पसंत नाही. भिंतींना नाकं मुरडतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत कागदात गुंडाळलेली काच. आईने दार उघडलं तर म्हणाले, "त्या खुर्चीच्या वरची खिडकी. पुट्टी सुकलीय. काच पडली असती तिच्या डोक्यावर." तिच्या म्हणजे माझ्या. एवढं बोलून खिडकीशी गेले, काम केलं, खाली सांडलेली पुट्टी स्वतःच गोळा केली आणि "झालं" म्हणून निघून गेले. मी आख्खी संध्याकाळ या माणसाला नावं ठेवली होती आणि हा आख्खी संध्याकाळ माझं डोकं कसं वाचवावं या विचारात होता. आजही आठवलं की मी एकटीच हसत बसते, आणि आमचे हे विचारतात, आता काय झालं.

तर भावजींचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या चौकटी, कपाटांची सरकती दारं. दुकानात शिरलं की चारी बाजूंनी आपणच आपल्याकडे बघत असतो, त्यामुळे मी तिथे केस नीट करून जाते. काचा भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, मोठ्या मागे, लहान पुढे, शाळेतल्या वर्गाच्या फोटोसारख्या. भावजी त्यांच्यामधून असे हिंडतात जसं कुणी झोपलेल्या बाळांमधून वाट काढतंय. कापतानाही तसंच. कटरने एक रेघ ओढायची, काच टेबलाच्या काठावर आणायची, हलकेच दाबायची, की ती स्वतःहून दोन होते. याला ते तोडणं म्हणत नाहीत. "काच सोडली" म्हणतात.

फोडणं हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोयच नाही. घरात कुणाच्या हातून पेला निसटला तर ओरडत नाहीत, रागावत नाहीत, पण जेवणातलं लक्ष उडतं. उठतात, तुकडे वेचतात, कागदात गुंडाळतात, आणि वर मोठ्या अक्षरात 'आत काच आहे' असं लिहून मगच टोपलीत टाकतात, कचरा नेणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. माझ्या लग्नातल्या सेटमधला शेवटचा पेला फुटला तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी त्यांनाच वाटून गेलं, मला संधीच मिळाली नाही.

आणि बोलणं? ते तर काचेहून जपून वापरतात. घराण्यातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय, असं जाऊबाई, म्हणजे भावजींची बायको, म्हणतात.

भावजींना एकच मुलगी. आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची, एकदा तर आख्खी उशी पायऱ्यांवरून खाली. ही मुंगी नोकरीला लागली आणि दुसऱ्या गावी राहायला गेली. दर रविवारी तिचा फोन. आधी जाऊबाई तिच्याशी मनसोक्त बोलणार, भाजीपासून भाड्यापर्यंत. मग फोन भावजींच्या हातात.

"जेवलीस?"

"हो बाबा. तू?"

"हो."

मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकणार.

"बरं, आईला देतो हं."

संपला संवाद. मी हे स्वतः बघितलंय. फोन दिल्यावर भावजी जागचे हलायचे नाहीत. आणखी काहीतरी विचारायचं राहिलं, पण काय ते आठवत नाही, असा चेहरा करून जाऊबाईंच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

मुंगीला हे कळत असणार. पुढच्या सुट्टीत आली ती तिचं गेम खेळायचं यंत्र घेऊनच. टीव्हीला जोडलं आणि ते दोन्ही हातांत धरायचं बटणांचं डबडं बापाच्या हातात दिलं. भावजी त्याला रिमोट म्हणतात. मुंगी म्हणते, "कंट्रोलर, बाबा." भावजी म्हणतात, "हां, रिमोट."

गेम असा, की एक टोपीवाला म्हातारा आहे. अनवाणी, हातात काठी. दूर समुद्राकाठी दीपस्तंभ आहे, त्याचा दिवा विझलाय, आणि म्हाताऱ्याने तिथवर चालत जाऊन तो लावायचाय. वाटेत फाटकं, पूल, पडके वाडे, काय काय. मुंगीने बजावलं, "दीपस्तंभापर्यंत तू एकटा जा. दिवा लावायचा भाग दोघांनी मिळून खेळायचा असतो, तेव्हा मी येईन. पण मधे माझ्याशिवाय कुणाला विचारायचं नाही, फोनवर शोधायचं नाही. कबूल?" भावजी म्हणाले, "कबूल." हा माणूस एकदा कबूल म्हणाला की विषय संपला.

आणि काय सांगू, फोनचं रूपच पालटलं. "बाबा, कुठे पोचलास?" एवढं विचारायची खोटी, की भावजी सुरू. पुलावर कुत्रा आडवा बसला होता, कुरवाळला तसा बाजूला झाला. विहिरीत दोर होता, तो ओला असला की सटकतो. पवनचक्कीची पाती कुणीतरी उलटी बसवलीत. जाऊबाई बाजूला हात पुढे करून उभ्या, फोन मिळायची वाट बघत. मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या संसारात यांच्याकडे पहिल्यांदा फोन मागावा लागतोय मला." तक्रार होती की कौतुक, ते त्यांच्या गालांवरून कळत होतं.

मग एकाएकी सगळं थांबलं.

एका रविवारी दुपारी मुंगीचा फोन मलाच आला. "काकू, बाबा माझ्यावर रागावलाय का गं?"

"तुझा बाबा रागावला तर कळणार कुणाला? झालं काय?"

"फोनच घेत नाही. कधीपासून. आई म्हणते दुकानात गेलाय. रविवारी दुकान बंद असतं ना?"

"असतं."

"आणि आज आई म्हणाली, त्याने गेम खोक्यात भरून ठेवलाय. इकडे कुणी येणार असेल तर माझ्याकडे पाठवून देणार म्हणे. त्याला आवडतच नव्हतं का? मी उगाच त्याच्या गळ्यात मारलं?" पुढे काहीतरी म्हणाली, पण आवाज असा झाला होता की मी तिला बोलूच दिलं नाही. म्हटलं, "तू फोन हाताशी ठेव. मी जाते आणि बघते."

भावजींचं घर आमच्यापासून चार पावलांवर. गेले तर खरंच टेबलावर खोकं, वर पट्टी चिकटवलेली, पट्टीवर दुसरी पट्टी. एखादा मोठा आरसा लांबच्या गावी पाठवतात तसं बांधलेलं. भावजी खिडकीशी बसून कुठल्याशा फोटोच्या चौकटीची काच पुसत होते. ती काच आधीच इतकी स्वच्छ होती की आहे की नाही याचीच शंका यावी.

"खोकं उघडा," मी म्हटलं.

"काय वहिनी, पोरांचा खेळ तो."

"पोरांचा नाही, पोरीचा आहे. आणि पोर तिकडे रडकुंडीला आलीय."

हातातलं फडकं थांबलं. "रडली?"

"रडकुंडीला म्हटलं. रडली म्हणायचं की नाही ते तुमच्यावर आहे."

त्यांनी चौकट बाजूला ठेवली. मग कपाट फोडल्याची कबुली द्यावी तसे हळूच म्हणाले, "अडकलोय."

"कधीपासून?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. जाऊबाई म्हणाल्या, "स्वेटर आत ठेवले त्याच्या आधीपासून."

"मग तिला सांगायचं तसं."

"ती विचारते, कुठे पोचलास. दर वेळी काय सांगू, तिथेच आहे म्हणून? एकदा सांगितलं. दुसऱ्यांदाही सांगितलं. तिला वाटेल, बापाला एवढंही जमत नाही." मग फडक्याकडे बघत म्हणाले, "आणि दुसरं बोलायला मला सुचत नाही, वहिनी."

मी खोकं पुढ्यात ओढून पट्टी सोडवायला बसले. एवढी घट्ट लावली होती की माझं एक नख गेलं.

टीव्हीवर तो म्हातारा आला. मोठ्या काचघरात उभा होता, बागेतली रोपं ठेवायला बांधतात तसलं, भिंती काचेच्या, छप्पर काचेचं. ज्या दाराने आत आला ते मागून लाकडांचा ढीग कोसळून बंद झालं होतं. दुसरं दार नाही. बाहेर मात्र सगळं दिसत होतं, वाट, समुद्र, आणि अगदी टोकाला दीपस्तंभ.

भावजींनी मला आख्खं काचघर दाखवलं. कुंड्या सरकवून बघितल्या होत्या. झारीने सगळ्या रोपांना पाणी घालून झालं होतं. लाकडी खोकी एकावर एक रचून छपरापर्यंत चढून बघितलं होतं. एक चौकट तिरकी बसवलीय, तीही त्यांनी मला दाखवली आणि नाराजीने मान हलवली.

"आणि ती कोपऱ्यातली काच?" मी विचारलं. कोपऱ्यात खाली एका काचेला तडा गेलेला, कोळ्याच्या जाळ्यासारखा. वर ऊन नेमकं तिथेच पडलेलं. जवळ एक मांजर बसून त्या काचेकडेच बघत होतं.

"तिकडे नाही जायचं. तडा गेलाय."

"अहो, म्हणूनच तर."

"म्हणूनच काय? तडा गेलेल्या काचेजवळ कुणी जातं का? तो अनवाणी आहे. मी त्या मांजरालाही तिथून हाकलतो, पण ते परत येऊन बसतं."

मी त्या काचेकडे बघितलं, म्हाताऱ्याच्या काठीकडे बघितलं, मग भावजींकडे. इतका वेळ हसू दाबणं मला आयुष्यात जमलं नव्हतं. म्हटलं, "भावजी, काठी आहे ना हातात? फोडा की ती."

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शेजाऱ्याचे दात पाडायला सांगितलं होतं.

"काच?"

"काच."

"फोडू?"

"वाटेत ती मातीची मडकी फोडलीत ना? मघाशी तुम्हीच सांगितलंत."

"मडकी वेगळी."

"मग मांजर कशाला तिथे बसवलंय? ऊन कशाला पाडलंय? शेंबड्या पोराला विचारा, सांगेल. मी असते तर चुटकीसरशी बाहेर पडले असते."

"बसा मग एकदा," भावजी खालच्या आवाजात म्हणाले. त्यांचा राग म्हणजे एवढाच. "काच काढून ठेवायची असते. पुट्टी खरवडायची, खिळे काढायचे, उभी धरून बाजूला ठेवायची. कुणी केलीय ती, कुणी बसवलीय. समोरून काठी घालायची म्हणजे काय?"

त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि माझं हसू मागे सरलं. त्यांना उत्तर दिसत नव्हतं असं नाही. त्यांच्यासाठी ते उत्तरच नव्हतं. मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. "बोला. तुमचं तुम्ही सांगा."

"मुंगी," भावजी म्हणाले, "मी अडकलोय. रागावलो नाही. अडकलोय." आणि मग सगळं सांगून टाकलं, झारी, खोकी, मांजर, काच. मी मुद्दाम फोनचा आवाज मोठा केला होता. तिकडून मग एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडते. हसत होती, तोंडावर उशी दाबून.

"बाबा, तू तिच्याशी चांगला वागत होतास. त्या काचेशी."

"हस, हस."

"नाही रे. ऐक ना. तो पुलावरचा कुत्रा आठवतो?"

"हो. गुणी होता."

"मी त्या कुत्र्यापाशी आख्खी सुट्टी घालवलीय. दगड टाकून बघितले, नदीतून जायला बघितलं, रात्र व्हायची वाट बघितली, कुत्रे झोपतात म्हणून. मैत्रिणीने हातातून घेतलं आणि कुरवाळलं त्याला. बस्स. तू म्हणालास ना, कुरवाळला तसा बाजूला झाला, तेव्हा मला इतकी लाज वाटली की मी विषयच बदलला."

आमची मुंगी लहानपणी कुत्रा दिसला की रस्ता बदलायची. कुत्र्याचं चित्र असलेली वहीसुद्धा नको असायची तिला. भावजींच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "मग मला का नाही विचारलंस?"

"तू का नाही विचारलंस?"

भावजींनी फोन माझ्याकडे दिला आणि रिमोट हातात घेतला.

"फोड बाबा," मुंगी म्हणाली. "मी आहे फोनवर."

भावजींनी आधी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. मग म्हाताऱ्याला काचेसमोर नेलं, मांजराला हाकललं, मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघा," आणि डोळे मिटून बटण दाबलं. मी फोनवर मुंगीला सांगितलं, फुटली गं. भावजींनी एक डोळा उघडला. काचघराला बाहेर जायची वाट झाली होती, आणि वाटेवर तुकडेच तुकडे.

"चल बाबा, पुढे हो."

"थांब. अनवाणी आहे तो."

"बाबा, गेम आहे."

"तुझ्या पायात चप्पल असते म्हणून." त्यांनी एक लाकडी खोकं ढकलत आणलं आणि तुकड्यांवर ठेवलं. मग आणखी एक. मांजर मागून येईल म्हणाले. मग म्हातारा खोक्यांवरून बाहेर पडला. मुंगी फोनवर मोठमोठ्याने हसत होती आणि भावजीही, हो, आवाज करून. जाऊबाई हात पुसत बाहेर आल्या, कोण हसतंय बघायला.

त्या दिवसापासून रविवारी त्या घरी जायचं तर फोन संपल्यावर जावं लागतं, आणि तो कधी संपेल याचा नेम नाही. दीपस्तंभ केव्हाच आला. पण भावजी दाराशी थांबून राहिले, एक पाऊल आत टाकलं नाही. म्हातारा तिथे बाहेर वाऱ्यात बसलेला. जाऊबाईंना त्याची दया यायची.

शेवटी मुंगी सुट्टी काढून आली. दिवा लावायचा होता म्हणून मलाही बोलावलं. आता मी गप्प बसून दुसऱ्याचा दिवा बघणारी बाई आहे का? म्हटलं, "आधी मला एकदा सुरुवातीपासून खेळू द्या. तुमचं काचघर चुटकीत पार करून दाखवते."

भावजींनी मुकाट्याने रिमोट दिला. मुंगी म्हणाली, "कंट्रोलर." आम्ही दोघं म्हणालो, "हां, रिमोट." मुंगीने माझ्यासाठी नवीन खेळ सुरू करून दिला आणि बापाशेजारी जाऊन बसली.

अगदी सुरुवातीला एक फाटक आहे. फाटकाशी एक बाई विणत बसलीय. मी म्हाताऱ्याला तिच्याजवळ नेलं, बटण दाबलं, तशी ती बोलायला लागली. खाली अक्षरं येतात. वारा फार आहे आज. दिवा विझला बघ. माझा नवरा म्हणायचा, वाट सरळच आहे. मला आवडली बाई. पुन्हा दाबलं, पुन्हा बोलली. वारा फार आहे आज. म्हटलं, बोलू दे, एकटी असते बिचारी. पुन्हा दाबलं.

जाऊबाईंनी दुपारचे वाळलेले कपडे आत आणले, घड्या घातल्या, कपाटात ठेवले. मी फाटकाशीच.

"काकू," मुंगी म्हणाली, "फाटक उघडंच आहे."

"दिसतंय मला. पण ती बोलतेय ना."

"ती मघापासून तेच बोलतेय, वहिनी," भावजी म्हणाले.

"म्हातारी माणसं बोलतात तेच तेच. म्हणून बोलता बोलता पाठ फिरवायची? बरं दिसतं ते?"

"गेम आहे, वहिनी."

"मग तुमची काचही गेममधलीच होती."

"तेच म्हणतोय मी," भावजी म्हणाले. "कोण चुटकीसरशी बाहेर पडणार होतं?"

मुंगीने बापाच्या खांद्यात डोकं खुपसलं, तिची पाठ हलत होती. टीव्हीवर ती बाई सुई थांबवून माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी विचारीन म्हणून. एवढी वाट बघणाऱ्या माणसाला सोडून कसं जायचं, सांगा.

"एवढं तिचं संपू दे," मी म्हटलं, "की निघते."

भावजी उठले आणि चहा ठेवायला आत गेले.